चीफचं शिस्तीतलं जंगल

चीफना जगातली एकच गोष्ट मनापासून खटकायची : दोन वस्तूंमधला फरक. सिंगापूरमधल्या त्यांच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत चहाचे कप एका मापाचे, एका रंगाचे, आणि सगळ्यांचे कान एका दिशेला. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, कढीपत्त्याची कुंडी तेवढी वाटेल तशी वाढायची, म्हणून तिची रवानगी वॉशिंग मशीनच्या मागे झाली होती. मी पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्याकडची एक खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी दारातल्या माझ्या चपला उचलल्या, टाचा भिंतीला टेकवून ठेवल्या आणि म्हणाले, "इथं सगळं लाइनीत असतं."

"मीसुद्धा का?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, "प्रयत्न कर."

आयुष्यभर बोटीवर इंजिनियर आणि शेवटची कित्येक वर्षं चीफ इंजिनियर, म्हणून सगळे त्यांना चीफ म्हणायचे. खाली कॉन्डोचा गार्ड म्हणायचा, भाजीवाला म्हणायचा, आणि चिडल्या की काकूही म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर हाताखालचे लोक गेले, इंजिन गेलं, पण चीफपणा उरला. तो ठेवायचा कुठं? बिचाऱ्या काकू किती पुरणार? तेव्हा चीफनी एक जंगल घेतलं.

हसू नका. लोक सोनं घेतात, फ्लॅट घेतात, यांनी जर्मनीत जंगल घेतलं. त्यांची एकुलती एक लेक रेवा लग्न करून तिकडे गेली होती. मध्य जर्मनीतल्या डोंगराळ भागात तिनं आणि तिच्या अबोल नवऱ्यानं एका म्हातारीकडून टेकडी विकत घ्यायचं ठरवलं, आणि चीफ मध्ये पडले. निम्मी टेकडी लेकीच्या नावावर, निम्मी बापाच्या. रेवाचं सगळं जग त्या टेकडीवर उभं होतं. घर तिच्या पायथ्याशी, नळाला पाणी तिच्यातल्या झऱ्याचं, आणि संसार चालायचा तोही तिथल्या लाकडावर. चीफचं काय होतं तिथं? एक फोटो. तो मोठा करून त्यांनी दिवाणखान्यात लावला होता. स्प्रूसची सूचीपर्णी झाडं, एका वयाची, एका उंचीची, रांगेत. पाहुणा चप्पल काढून आत आला की पाणी मिळायच्या आधी त्याला हे जंगल मिळायचं.

"बघा," चीफ म्हणायचे, "एक तरी झाड लाइन सोडून आहे?"

पाहुणा म्हणायचा, "नाही बुवा."

"याला म्हणतात जंगल! निसर्गाला फोरमन लागतो. नाहीतर तो सुट्टीवरच असतो."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पाहुण्यानं तोंड उघडायच्या आत माझे ओठ हलायला लागायचे. काकू मला कोपरानं ढोसायच्या.

एका रविवारी मी त्यांना आमच्याच बुकित तिमाहच्या रानात फिरायला नेलं. म्हटलं, जंगलाचा एवढा षोक आहे, तर दोन स्टॉपवरचं तरी बघावं. वर चढताना मी आपली हरखून चाललेय. एका झाडावर दुसरं, दुसऱ्यावर वेल, वेलीवर नेचं, आणि या सगळ्यावर बसलेलं एक माकड कुणाच्या तरी पाठपिशवीतला पाव खातंय. चीफ मात्र नाकाला रुमाल लावून, हेल्थ इन्स्पेक्टर चाळीत शिरावा तसे.

"ही काय गर्दी आहे," ते म्हणाले. "दोन झाडं सारखी नाहीत. कोण कुठून सुरू होतं, कुठं संपतं, पत्ता नाही. ह्याला जंगल म्हणतात?"

"शेकडो वर्षं टिकलंय चीफ."

"टिकलंय ते नशिबानं. माझं टिकेल ते शिस्तीनं."

शेजारून पळत चाललेली शाळकरी मुलगी थांबली आणि तिनं आदरानं विचारलं, "अंकल, यू ओके? फेस व्हेरी अँग्री, लाह." चीफनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं. दोन बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या होत्या. त्यांनी डोळे मिटले.

आता हे सांगताना मला चीफवर एकट्यावर अन्याय करायचा नाही. या बाबतीत ते एकटे नव्हते. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या असे चीफ होऊन गेलेत. जिथं ओक, मेपल, फर अशी मिसळीची रानं होती तिथं त्यांनी स्प्रूस लावले, कारण स्प्रूस भरभर वाढतो, सरळ वाढतो आणि त्याच्या फळ्या छान निघतात. थंड, ओल्या डोंगरमाथ्यावर राहणारं झाड त्यांनी खाली उबदार उतारांवर आणून रांगेत उभं केलं आणि शंभर वर्षांनी त्याला तहान लागली तेव्हा सगळ्यांनी आश्चर्य व्यक्त केलं. रेवानं मला हे सगळं फोनवर सांगितलं होतं. ती सुट्टीत आली की माझ्या खोलीत झोपायची, तेव्हापासून आमचं जमलं. चीफच्या भागात आपोआप उगवलेली फरची, मेपलची रोपं दिसली की चीफ तिला हुकूम सोडायचे, "ते तण उपटून टाक." रेवा म्हणायची, "हो बाबा." आणि उपटायची नाही. आपल्या भागात तर ती मुद्दाम वेगवेगळी झाडं लावायची. त्याचा फोटो चीफ कुणाला दाखवत नसत.

मग तो नाताळ आला, आणि चीफना घरातच जंगल हवंसं झालं.

डिसेंबरात सिंगापूरच्या नर्सऱ्यांत बोटीनं आलेली नाताळची झाडं मिळतात. बुंध्यातून कापलेली, हिरवीगार, वासाची. चीफनी त्यातलं एक सरळसं बघून आणलं आणि पाण्याच्या बादलीत उभं करून एका खोलीत ठेवलं. तिथला एसी सोळा डिग्रीवर. आत जायचं तर दारावरच्या खुंटीवरची शाल घ्यायची. सण संपला, लोकांची झाडं खाली कचऱ्यात गेली. आमचं राहिलं.

"वाढतंय," चीफ म्हणाले. हातात टेप होती.

"अहो, त्याला मुळं नाहीत," काकू म्हणाल्या.

"येतील."

"कापलंय ते!"

"हिरवं आहे की नाही? मग? हिरवं आहे तोवर बोलायचं नाही."

आणि खरंच, ते मेलेलं झाड कितीतरी आठवडे हिरवंगार राहिलं. चीफ रोज दाराच्या फटीतून त्याच्याकडे असे बघायचे, जसा बाप बारावीच्या मुलाकडे बघतो. एक दिवस काकू आत जाऊन नुसत्या शिंकल्या. पुढचा पाऊण तास आम्ही जमिनीवरच्या सुया गोळा करत होतो. चीफ म्हणाले, "तुझ्या शिंकेनं गेलं." आजही त्या झाडाच्या मृत्यूचं कारण त्या घरात शिंक हेच आहे.

मी नंतर सिंगापुरातच सेरंगूनला माझ्या फ्लॅटवर राहायला गेले, पण रविवारचं जेवण काकूंकडेच. अशाच एका रविवारी, आम्ही आमटी वाढून घेत असताना रेवाचा व्हिडिओ कॉल आला. युरोपात सलग कोरडे उन्हाळे चालले होते. रेवा टेकडीवर, चीफच्या भागात उभी होती. घाम, विस्कटलेले केस, आणि आवाजात असं काहीतरी की काकूंनी पळी खाली ठेवली.

"बाबा, हे बघा." तिनं फोन एका बुंध्याजवळ नेला. सालीच्या भेगांमध्ये तपकिरी भुकटी पडली होती, कुणी कॉफी सांडल्यासारखी. "भुंगेरा लागलाय. आत शिरलाय. ही त्यानं पोखरलेल्या सालीची पूड."

"केवढा असतो?"

"जिऱ्याएवढा."

चीफ हसले. "जिऱ्याएवढा किडा एवढं झाड पाडतो?"

"एक नसतो बाबा, हजारो असतात. झाड तब्येतीत असलं की राळ सोडून त्यांना बुडवून मारतं. पण पाऊसच नाही. झाडं तहानलेली आहेत, राळ आणणार कुठून? ही काही झाडं आत्ता तोडून, साल काढून इथून हलवली तर बाकीची वाचतील. माझ्या भागातली मी कालच काढली. तुमच्या भागाला तुमचा होकार लागतो. मशीनवाला उद्या येऊ शकतो. तुमच्या होकाराशिवाय तोडायचं तर सरकारी नोटिशीची वाट बघावी लागेल, त्यात आठवडे जातील, आणि तोवर आतली पिल्लं उडून शेजारच्या झाडांत शिरतील. सगळीकडे एकच झाड आहे, त्यांना पंगतच आहे."

"शेंडा दाखव," चीफ म्हणाले.

रेवानं फोन वर केला. निळ्या आभाळात हिरवागार शेंडा.

"हिरवा आहे!"

"हिरवा आहे म्हणूनच आज तोडायचं! लाल पडला की किडे निघून गेलेले असतात. मग तोडून काय उपयोग?"

"धडधाकट माणसाचा पाय कापणारी डॉक्टर तू," चीफ म्हणाले आणि भात कालवायला लागले.

काकू बोटीवर चीफबरोबर खूप फिरलेल्या. इंजिनरूमची भाषा त्यांना चीफइतकीच येते. त्या म्हणाल्या, "अहो, पंपाचे तास भरले की तुम्ही तो उघडायचात. चालू पंप, ठणठणीत पंप. ज्युनियर म्हणायचा, साहेब, नीट चाललाय की. तुम्ही त्याला काय सांगायचात? बंद पडायची वाट बघतो तो इंजिनियर नव्हे. मग आता?"

"पंप आणि झाड यात फरक आहे."

"चला," काकू म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्हाला कशात तरी फरक दिसला."

मला ठसका लागला. पण रेवा हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, खरं कारण सांगा."

आणि मग खरं कारण बाहेर आलं. सप्टेंबरात चीफचे जुने शिपमेट्स, एकेकाळच्या कॅप्टनसह, सहकुटुंब युरोपला जाणार होते, आणि चीफनी सगळ्यांना आपली टेकडी दाखवायचं कबूल केलं होतं. वर्षानुवर्षं फोटो दाखवून झाला, आता खरा माल. त्या रांगांच्या मधोमध झाडं तोडून भगदाड पाडायचं? कॅप्टनसमोर?

"सहल होऊ दे," चीफ म्हणाले. "मग तोड काय तोडायचं ते."

"बाबा, सप्टेंबरपर्यंत काही उरणार नाही. तुमचंही नाही आणि माझंही नाही. त्यांना हद्द कळत नाही."

"रडारड नको. मी वजनदार माणसांना शब्द दिलाय."

रेवाचा चेहरा स्क्रीनवरून गेला. मला वाटलं नेटवर्क गेलं. तिनं फोन ठेवला होता. चीफनी ताक मागितलं.

त्यानंतर रेवा रोज एक मेसेज पाठवायची : "बाबा, हो म्हणा." चीफ उत्तरादाखल अंगठा पाठवायचे. वर केलेला. तो होकार नव्हे, पोच होती. तसं त्यांनी खाली स्पष्ट लिहिलेलंही असायचं. एवढा काटेकोर माणूस.

सहलीला मीसुद्धा गेले. एका शिपमेटच्या बायकोचा गुडघा ऐनवेळी रुसला, आणि तिची जागा मला मिळाली. अशा नाटकाचं तिकीट कोण सोडतं? पॅरिस झालं, कुठलासा धबधबा झाला, आणि मग एका सकाळी आमची बस वळणं घेत रेवाच्या गावात शिरली. चीफ ड्रायव्हरशेजारी उभे, माइक हातात. "लेडीज अँड जंटलमेन, पुढच्या वळणावर डावीकडे बघायचं. एका वयाची, एका उंचीची, एका—"

वळण आलं.

टेकडी लाल होती. गंजलेल्या बोटीचा असतो तसा लाल. खालपासून माथ्यापर्यंत रांगाच्या रांगा, शिस्तीत, एकही लाइन न सोडता मेलेल्या. काठाला, रेवाच्या भागात, मोठे स्प्रूस तसेच गेलेले, पण त्यांच्यामध्ये ओकचे, मेपलचे हिरवे ठिपके होते. बाकी सगळा गंज.

माइक चालू होता, त्यामुळे चीफचा श्वास अख्ख्या बसनं ऐकला.

आणि मग कॅप्टन, बोरिवलीचे, अत्यंत भला माणूस, खिडकीला नाक लावून ओरडले, "क्या बात है! फॉल कलर्स!"

बस उसळली. सगळ्यांचे मोबाइल बाहेर. "अहो, हे बघा हो, अगदी कॅनडासारखं!" "चीफ, तुम्ही सांगितलं नव्हतं इतकं सुंदर आहे!" "काय टायमिंग साधलंत!" स्प्रूसला पानगळ नसते, तो बारा महिने हिरवा असतो, हे त्या बसमध्ये चार माणसांना ठाऊक असेल. मला, काकूंना, ड्रायव्हरला आणि चीफना.

मी चीफकडे बघत होते. श्वास रोखून. नाटकात असा एक क्षण असतो, नट एका पावलात राजा होतो किंवा विदूषक. चीफनी माइक तोंडाशी नेला.

"हो," ते म्हणाले, "इथला ऑटम प्रसिद्ध आहे."

खाली रस्त्याच्या कडेला रेवा आमच्या स्वागताला उभी होती. बस थांबून दार उघडलेलं होतं. तिनं ऐकलं.

मी आयुष्यात पुष्कळ फजित्या रस घेऊन बघितल्यात, पण त्या वेळी मला चेहरा कुठं फिरवू कळेना. पाहुणे उतरले, तिला मिठ्या मारल्या, नशीबवान आहेस म्हणाले. कॅप्टनच्या बायकोनं तर विचारलं, "रोज हे बघत चहा पिता तुम्ही?" रेवा म्हणाली, "हो. रोज." तिनं सगळ्यांना केक दिला. मग ग्रुप फोटो. चीफनी माणसांना उंचीनुसार उभं केलं. तेवढं त्यांच्या हातात राहिलं होतं. फोन रेवाकडे दिला.

"मागं जंगल सगळं येऊ दे," ते म्हणाले. आवाज जरा लहान होता.

रेवा मागे सरकली, आणखी मागे सरकली. "आलं, बाबा," ती म्हणाली. "सगळं आलं."

संध्याकाळी बस गेली. चीफ, काकू आणि मी राहिलो. चीफ एकटेच कुंपणापाशी गेले आणि पहिल्या झाडावर हात ठेवला. हात ठेवायचा अवकाश, साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून त्यांच्या हातात आली. आतल्या बाजूला भुंगेऱ्यांनी कोरलेल्या रेघा. मधोमध एक उभी, तिला दोन्हीकडून फुटलेल्या आडव्या, अगदी सारख्या अंतरावर, एका लांबीच्या. इतकं आखीव काम मी चीफच्या घरातही बघितलं नव्हतं. चीफ ती साल बराच वेळ बघत होते.

"कुणी सांगायचं तरी आधी," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

रेवा घरातून बाहेर आली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं; मी तर वाटच बघत होते. ती म्हणाली, "बाबा, टेकडी मी सोडणार नाही. पण तुमच्या निम्म्याचं काय करायचं ते यापुढे मी ठरवणार. आता. इथं."

"रांगा—"

"नाहीत."

"निदान स्प्रूस तरी—"

"येईल त्याला येऊ दे. बाकीचेही येतील. एकाला काही झालं तर दुसरा उभा राहील."

"आणि मी? मी काय करायचं?"

"तुम्ही ज्याला तण म्हणत होतात ना, ती रोपं मी उपटली नव्हती. ती आहेत अजून, खाली. तुम्हाला यायचं असेल तर त्यांच्यासाठी या."

सिंगापूरला परतल्यावर चीफनी दोन पाहुण्यांना ऑटमची गोष्ट सांगितली. तिसऱ्याला सांगायला लागले तेव्हा काकूंनी चहाचे कप असे ठेवले, प्रत्येकाचा कान वेगळ्या दिशेला, की चीफ मध्येच थांबले.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर दोघं तिकडे गेले. मला काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मी सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, फोन डब्याला टेकवून खुर्ची ओढून बसले. पडद्यावर ओकीबोकी टेकडी. मेलेले स्प्रूस तोडून नेलेले, नुसते बुंधे, आणि त्यांच्यामध्ये रासबेरीचं काटेरी रान, गवत, बर्चच्या काड्या, काय वाटेल ते. या सगळ्यात गुडघाभर बुडालेले चीफ, हातात मेंढीच्या लोकरीची पिशवी.

"काय चाललंय हो काकू?"

"हरणं फरच्या रोपांचे शेंडे खातात. शेंड्याला लोकर गुंडाळली की तोंडाला लागते, मग नाही खात. रेवानं यांना कामाला लावलंय."

चीफ एका रोपाला लोकर बांधत होते. बांधली. सरळ झाले. पुढच्या रोपाकडे बघायला मान फिरवली, तर पुढचं रोप पुढं नव्हतंच. ते मागे होतं, दुसरं बुंध्याआड होतं, तिसरं काट्यांत. त्यांनी चार पावलं टाकली आणि ज्याला लोकर आधीच बांधली होती त्याच्याचपाशी पुन्हा येऊन पोचले.

"हे कसलं काम आहे!" ते वर टेकडीकडे तोंड करून ओरडले. "रेवा! लाइन नाही, नंबर नाहीत! कुठलं झालं, कुठलं राहिलं, माणसाला कळणार कसं?"

वरून, काट्यांच्या पलीकडून, रेवाचा आवाज आला. "एकेक बघून, बाबा. वाकून."

चीफ काहीतरी पुटपुटले. मग बुंध्याला धरून, कण्हत, हळूहळू वाकले आणि गवत बाजूला करायला लागले.

काकूंनी फोन तोंडाशी आणला आणि कुजबुजल्या, "देवळात खुर्ची मागतात गं, गुडघे वाकत नाहीत म्हणून."